अण्णांच्या आराखड्यावर दुसऱ्याची बॅटरी

मंडळी, या, पुढे या. मागच्या खुर्च्या ओढून घ्या हवं तर. ऑफिसात दिवसभर बोलणं हेच माझं काम, पण आजची गोष्ट वेगळी. समोर वीणावहिनी बसल्यात. त्यांच्याकडे बघून बोलणं कठीण आहे, आणि न बघता बोललो तर तो पळपुटेपणा होईल.

त्यांचे यजमान सदानंद पाटील, आपल्या सगळ्यांचे सदाअण्णा, गेल्या आठवड्यात गेले. मूळचे निपाणीचे. काम काय करायचे? घराला बॅटरी बसवायची तर केवढी, कुठे, लाईट गेल्यावर तिच्यावर काय काय चालवायचं, हे घरी येऊन ठरवायचे आणि आराखडा द्यायचे. आराखडा फुकट. पटला तर बॅटरी त्यांच्या कंपनीकडून घ्यायची, एवढीच अपेक्षा.

माझ्याकडे आले तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "अण्णा, एसी, टीव्ही, वायफाय, सगळं चाललं पाहिजे." "सरी, बरं," म्हणाले, आणि सरळ माझ्या आईच्या खोलीत गेले.

"मावशी, लाईट गेली की या घरात पहिली हाक कोण मारतंय?"

आई म्हणाली, "मी नाही बाबा मारत. आहे तिथे बसून राहते. अंधारात बाथरूमला जायची भीती वाटते."

मंडळी, मला, तिच्या मुलाला, हे माहीत नव्हतं! आपल्या इथे महादेवपुऱ्यात लाईट जाते आणि माझी आई अंधारात नुसती बसून राहते, हे मला बाहेरच्या माणसामुळे कळलं. अण्णांनी आराखड्यात सगळ्यात आधी तिच्या खोलीतला आणि बाथरूमच्या वाटेवरचा दिवा घेतला. एसी काढून टाकला. मी कुरकुरलो तर म्हणाले, "तुम्ही स्वल्प घाम गाळा हो, काय होत नाही."

आणि मी काय केलं? तो आराखडा रिंग रोडवरच्या एका दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवला. म्हटलं, सेम टू सेम बसवून दे, स्वस्तात.

संक्रांतीला अण्णा आणि वहिनी तिळगूळ घेऊन आले. जिन्यापाशी बॅटरी दिसली. अण्णा थांबले. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. ते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "वायरिंग बरं केलंय. भिंतीपासून जरा पुढं घ्यायला सांगा, तापेल नाहीतर." आईच्या पाया पडले, चहा प्यायले, गेले. तक्रारीचा एक शब्द नाही! अहो, चार शिव्या हासडल्या असत्या तर मी सुटलो असतो.

परवा भेटायला गेलो, तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सभेत यांच्या कामाचं काही बोलू नका. त्यांना ते जमलंच नाही. कुणीच घेतलं नाही यांच्याकडून. कंपनीनं घरी बसवलं, तेव्हापासून खचले ते." त्यांची मुलगी शेजारी बसून ऐकत होती. आणि मी मान डोलावली. मंडळी, मी मान डोलावली!

वहिनी, आज तुमचं ऐकत नाही. माफ करा. त्यांना सगळं जमत होतं. जमलं नाही ते आम्हाला, माणसासारखं वागणं.

आणि मी एकटा नाही. त्या दुकानदाराचा नंबर मला याच हॉलमधल्या एकानं दिला, आणि मी तो अण्णांचा आराखडा घेतलेल्या आणखी चौघांना दिला. खाली बघू नका. लाज मलाही वाटतेय. माझी आई पहिल्या रांगेत बसलीय, तिलाही हे आत्ताच कळतंय.

शोकसभेच्या शेवटी आपण सगळे उभे राहतो, शांत राहतो. आज सगळ्यांनी उठू नका. ज्यांच्या घरात अण्णांच्या आराखड्यावर दुसऱ्या कुणी बसवलेली बॅटरी आहे, तेवढ्यांनीच उभं राहायचं. मी उभाच आहे.

उठा. कुणी बोलू नका.

वहिनी, बाळ, आता जरा मागे वळून बघा. हे सगळं अण्णांचं काम आहे.