दुरंगी कपाट

शिवणकाम करणाऱ्या काकू डोळ्यांत थेंब घालून दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. दिसत काहीच नव्हतं, त्यामुळे शेजारच्या नवरा-बायकोचा शब्द न् शब्द कानांवर पडत होता.

"डॉक्टर काय म्हणाले, नीट सांगा."

"आपल्या फर्निचर पॉलिशच्या स्पिरिटची वाफ विषारी. डोळ्याच्या पडद्यातल्या नसांच्या पेशी मारते. मेल्या त्या मेल्या, अर्धमेल्या होत्या त्या मोकळ्या हवेत सावरल्या."

"मी कानीकपाळी ओरडत होते, खिडक्या उघडा म्हणून."

"ओल्या पॉलिशवर धूळ बसते ना."

"बसू दे."

"आता उघड्याच असतात. त्या कपाटवाल्या बाईंचे उपकार."

"त्यांच्याशी तर तुम्ही कडाकडा भांडलात."

"एक दार लाल आणि एक तपकिरी केलंत, म्हणाल्या. मला दोन्ही सारखीच दिसत होती. वीस वर्षांत माझा रंग चुकला नव्हता, डोकंच फिरलं."

"त्यांनी कपाट परत पाठवलं आणि वर चिठ्ठी, आधी डोळे तपासून घ्या."

"टोमणाच होता तो."

"म्हणून तर तेव्हा तुम्हाला ओढत आणलं इथे. पण ते दुरंगी कपाट किती दिवस घरात ठेवायचं? घासून एकसारखं करा आता."

"नाही करायचं."

"का?"

"आज सकाळी मला ते लाल दार लाल दिसलं."



"मग राहू दे. मी रोज पुसत जाईन."