साडूचं जहाज गुळगुळीत

...नाही, पण मी म्हणतो, हवा तीच, रंग तोच, एअरब्रशसुद्धा एकाच दुकानातला, मग साडूचंच जहाज गुळगुळीत का? आं? तुम्हीच सांगा! आमच्याकडची हवा इतकी कोरडी, की टॉवेल पिळून दोरीवर टाकेपर्यंत वाळतो. त्यात हे अ‍ॅक्रिलिक रंग! एअरब्रशच्या सुईच्या टोकाला रंग वाळून बसतो, तो खरवडा, पुन्हा फवारा, परत बसला, परत खरवडा... आणि जो सुटतो तो हवेतच वाळतो हो! जहाजाच्या मॉडेलवर पोचते ती नुसती पावडर. हात फिरवाल तर नखं घासून निघतील!

आणि मॉडेल तरी कुणाचं? आमच्या सासऱ्यांनी ज्या जहाजावर तीस वर्षं इंजिन सांभाळलं, त्याचं! दोन्ही जावयांनी एकेक करायचं ठरलं. तुम्हाला सांगतो, मला दुसरं काही नको होतं. सासरे खूश झाले की पाठीवर सणसणीत थाप मारतात. साडूला दर भेटीत मिळते. मला अकरा वर्षांत एकदा नाही! जळतो मी, जळतो, लपवायचंय कशाला?

बायको म्हणाली, "अहो, भाऊजींनाच विचारा की सरळ!" गेलो. काय करता? तर साडू, तो गोडबोल्या, बाटली दाखवत म्हणतो कसा, "अरे, सोप्पंय! हे रिटार्डर. रंग सावकाश वाळतो. एअरब्रशच्या कपात, रंगात दोन थेंब टाकायचे, बास. जास्त नको हं!"

जास्त नको! म्हणजे मी पुढे जायला नको, असंच ना? अहो, हवा तीच, रंग तोच, आणि दोन थेंबांत हा एवढा पुढे, तर वीस थेंबांत मी कुठच्या कुठे! टाकले वीस. आणि काय सांगू... सुई एकदाही अडली नाही! जहाज असं चकाकलं, की आरशात बघावं तसा मी त्यात बघून भांग पाडला. तीन दिवस चकाकत होतं. ओलं असल्यामुळे, हे मला कोण सांगणार?

रविवारी सासऱ्यांपुढे दोन्ही जहाजं ठेवली. त्यांनी आधी माझं, बरं का, माझं दोन्ही हातांनी उचललं! डोळ्यांत पाणी. "अरे, हेच ते!" मी हळूच पाठ वळवून तयार राहिलो. तेवढ्यात मागून आवाज, "आं? हे चिकटतंय काय?" दहाही बोटांचे ठसे जहाजात, आणि तळवे करडे! मग ते साडूच्या जहाजावर वाकले, चष्मा वर केला, निरखलं, आणि "शाब्बास रे पठ्ठ्या!" म्हणून अशी सणसणीत थाप हाणली...

पांढरा शर्ट होता हो त्याचा. त्यावर पंजा उमटला. एकसारखा, गुळगुळीत, ना दाणा ना ओरखडा! मेहुणीने घासघास घासला, निघेना. वाळलाही तिथं लगेच.

घ्या! आयुष्यात पहिल्यांदा माझा रंग नीट बसला... आणि बसला कुठं, तर साडूच्या पाठीवर!