दांड्यावरच्या खाचा

काल्मुरात : ...आणि पाइप मिळाले पलीकडच्या खोऱ्याला! सख्खी भाची ना तू माझी? मामाचं गाव कोरडं ठेवून तिकडे हिवाळ्यात पाणी उडवणार, बर्फाचा डोंगर उभारणार, अन् उन्हाळ्यात त्यांची झाडं त्या वितळत्या पाण्यावर पोसणार?

नुर्झादा : ओरडू नका, तायाके. ओरडायला मी आलेय.

काल्मुरात : ऐकलंस, बुरुल? तुझ्या हातचे तळलेले बोरसोक खाऊन वाढलेली पोर मला गप्प करतेय! पाच हिवाळे झाले, तुमच्या संस्थेनं चराईवर ती रंगीत पट्ट्यांची काठी रोवली. माझ्या गळ्यात वही अडकवली. दर शुक्रवारी बर्फ किती, ते लिहा. लिहिलं. मिळालं काय? एक टोपी! तीही शेळीनं खाल्ली.

नुर्झादा : तीच वही आणलीय. गेल्या फेब्रुवारीतला दुसरा शुक्रवार. वाचा.

काल्मुरात : चष्मा नाही.

बुरुल : नाकावर आहे.

काल्मुरात : ...एकशे दहा सेंटिमीटर.

नुर्झादा : काठीच नव्वदची आहे, तायाके!

काल्मुरात : मग? बुडाली असेल.

नुर्झादा : ऑफिसातल्यांनीही तेच धरलं! ज्यांच्याकडे बर्फ सगळ्यात कमी, त्यांना पाइप, असं ठरलं होतं. पलीकडच्या पाटकऱ्यानं वीतभर तर वीतभर लिहिलं.

काल्मुरात : तो रडतोंड्या! त्याला लाज आहे का? अगं, दारात आलेल्या पाहुण्याला कुणी सांगतं का, आमच्या घरात काही नाही म्हणून? बिश्केकहून आलेली माणसं, त्यांना मी म्हणू, आमच्याकडे बर्फ घोट्याला लागत नाही? माझ्या बापाच्या वेळी लांडगा बर्फावरून चालत यायचा, आमच्या धुराड्यात तोंड घालायचा अन् विचारायचा, आज काय शिजलंय—

नुर्झादा : बास! तो लांडगा मी पाच वर्षं संगणकात भरतेय! बाहेर तुमची जर्दाळूची झाडं उभी वाळतायत, आणि कागदावर हे गाव खोऱ्यातलं सगळ्यात ओलं गाव आहे. पाइपांची यादी उद्या दुपारी बंद होते, तोवरच बदलता येईल. वही खोटी आहे असं मी म्हणेन, तर विचारतील, मग खरं कुठाय? काय दाखवू? धुराडं?

बुरुल : दांडा दाखवा तिला.

काल्मुरात : तू चहा ओत.

बुरुल : ओतलाय. पोरी, भिंतीला टेकलेलं ते फावडं घे. दांडा बघ.

(नुर्झादा फावडं उजेडात धरते.)

नुर्झादा : ह्या खाचा कसल्या?

बुरुल : बर्फाबद्दल हे काहीही बोलतील. लांडग्याबद्दल, घोड्याबद्दल, माझ्या माहेराबद्दल. पण जर्दाळूला पाण्याची एक पाळी दिली, की त्याच दिवशी एक खाच. वर्षाला एक ओळ. तीस ओळी आहेत.

नुर्झादा : नऊ... आठ... सहा... चार... आणि यंदा? अख्ख्या उन्हाळ्यात दोन पाळ्या?

काल्मुरात : ठेव ते खाली! पाळीत खोटं घुसलं तर लोक पाटावर एकमेकांची डोकी फोडतील. तिथं गंमत चालत नाही.

नुर्झादा : हे तुमच्या हातात होतं! आणि मला दिलात लांडगा!

काल्मुरात : विचारलंत कधी? काठी तुमची, वही तुमची, प्रश्नही तुमचाच! येतो तो बर्फ विचारतो, चहा पितो, फोटो काढतो, जातो. पाटात पाणी कितीदा आलं, हे तुमच्यातल्या एकानं तरी विचारलं? तू विचारलंस?

नुर्झादा : ...नाही विचारलं.

काल्मुरात : मग घे दांडा आणि जा.

नुर्झादा : नुसता दांडा पुरणार नाही. तुम्हाला यावं लागेल. सगळ्या गावच्या पाटकऱ्यांसमोर सांगावं लागेल, वही मी मनानं लिहिली म्हणून.

काल्मुरात : त्या रडतोंड्यासमोर? वेड लागलंय तुला! परवापासून माझ्या हातून पाणी कोण घेईल? खोटारड्यानं दिलेली पाळी म्हणतील!

नुर्झादा : म्हणतील.

काल्मुरात : तीस वर्षं पाट सांभाळलाय मी!

बुरुल : चहा कसा झालाय?

काल्मुरात : चहाचं काय मधेच?

बुरुल : तुमच्या आईनं लावलेलं जर्दाळू, पाटाच्या शेपटीकडचं. पार वाळलं होतं. काल तोडून घेतलं. चुलीत तेच आहे.

काल्मुरात : ...मला बोलली नाहीस.

बुरुल : तुम्ही पाहुण्यांना तरी कुठं बोलता?

काल्मुरात : आण इकडे ते फावडं. पाचर सैलच आहे... हं, निघाला. धर, पोरी. खाचांवर माती आहे, पुसू नकोस. अन् गाडीत पुढं मी बसणार.

बुरुल : अहो, दांडा घेऊन चाललात. उद्या पाटाचं पाणी कशानं वळवणार?

काल्मुरात : उद्या पाटात आहे काय, वळवायला?