सहलीआधीचा अहवाल

सकाळचे दहा चाळीस. शिक्षण कार्यालयाच्या खिडकीशी एक शिक्षिका कारकुनाकडे गोठा पाहायच्या सहलीची परवानगी मागत होत्या. रांगेत त्यांच्यामागे मी.

"बाई, तुमची सहल तर होऊन गेली. अर्जाला अहवाल जोडलाय."

"अहो भाऊसाहेब, अहवालाशिवाय अर्ज घेत नाही, असं तुम्हीच म्हणालात. म्हणून मुलांकडून आधीच लिहून घेतला."

"झालेल्या सहलीला परवानगी कशी देणार?"

"बेचाळीस पोरं खाली बसमध्ये बसलीत. दूध पिशवीतून येतं एवढंच त्यांना ठाऊक. बाराला गोठ्याचं फाटक बंद होतं."

"वाटेत काही झालं तर?"

"अहवालात सगळी सुखरूप परतलीत. तुमची तेवढी काळजी मिटली."

"ही मुलगी लिहिते, वासरानं माझं बोट चोखलं."

"मनचं लिहिलंय."

"जीभ खरखरीत होती म्हणते."

"असते का हो?"

"मला काय विचारता? माझा जन्म या खिडकीत गेला."

"मग चला की. बसमध्ये एक जागा आहे."

"थट्टा पुरे. साहेबांना विचारून येतो."

भाऊसाहेब फाइल घेऊन आत गेले. सव्वाअकराला ते आतच होते. खाली बसचा हॉर्न तिसऱ्यांदा वाजला.