पळत्या लेकीचा टाक

(जामखेडच्या पेठेतलं सोनाराचं दुकान. काकासाहेब सोनार आणि लेकीचं शर्यतीतलं पदक घेऊन आलेल्या, ऊसतोडीहून परतलेल्या लंकाबाई.)

काकासाहेब : कसोटीवर घासत नाही, लंकाबाई. नुसतं हातात घेतलं तरी कळतं.

लंकाबाई : मंग वितळवा की. देव्हाऱ्यात बसंल एवढा टाक करा माझ्या अश्विनीचा. रिबन तेवढी माघारी द्या.

काकासाहेब : लेकीचा टाक? भावकी काय म्हणाली?

लंकाबाई : म्हनली, टाक पूर्वजांचा असतो, कुवाऱ्या पोरीचा न्हाई. म्हनलं, म्होरं गेली ती पूर्वजच की. पळन्यात म्होरं, अन् ह्यात बी.

काकासाहेब : बाई, याचा टाक व्हायचा नाही. जस्त आहे हे. वरून सोन्याचं पाणी दिलंय.

लंकाबाई : फसवलं माझ्या पोरीला?

काकासाहेब : नाही हो. सगळी अशीच असतात. ऑलिंपिकचं सुवर्णपदकसुद्धा आतून चांदीचं. मान तेवढा सोन्याचा.

लंकाबाई : तिला ठावं असंल?

काकासाहेब : खेळणाऱ्या पोरांना ठाऊक असतं.

लंकाबाई : मंग बोलली का न्हाई? शेट, ती म्हनत हुती, आई, पुन्याला म्होरची शर्यत हाय, मी न्हाई येत तोडीला. मीच म्हनले, सोनं तर आलं घरात, आता आनिक कशाला पळायचं? आली गपगुमान. अन् ती उसाची ट्रॉली उलटली नेमकी तिच्याच अंगावर. सोनं न्हाई म्हनली असती, तर ठिवली असती मी तिला मागं.

काकासाहेब : कशी सांगेल? तुम्ही साऱ्या गावाला दाखवत फिरत होतात.

लंकाबाई : व्हय. लई दाखवलं.

काकासाहेब : रडू नका. चांदीच्या पत्र्यावर ठोकून देतो मी. हात जोडून उभी. टाकात तशीच असतात माणसं.

लंकाबाई : उभी नगं. ह्याच्यावर हाय तशी, पळती. वेनी उडाल्याली.

काकासाहेब : बाई, ते चित्र एकाच साच्यातलं. सगळ्या मुलींच्या पदकांवर हीच असते.

लंकाबाई : असू द्या. वेनी तिचीच हाय.

काकासाहेब : बरं, पळती काढतो. भोवतीची ही पानंही घेऊ? कुठल्याशा परदेशी झाडाची असतात, जिंकल्याची खूण म्हणून.

लंकाबाई : परदेशी व्हय? मला इतके दिस उसाचीच पाती वाटली.

काकासाहेब : मग, घेऊ ना?

लंकाबाई : नगं, शेट. तिच्या म्होरं मोकळं ऱ्हाऊ द्या.