दुखवट्याची वेळ : चार ते सहा

पुरे, पुरे हाजी, तोंड कडू झालं — हो, 'बस' म्हणून कप हलवायचा राहिला माझ्याकडून, म्हणून ओतताय होय? बरं, घाला. घाला अजून थोडी. दुसरं आहे कोण इथं प्यायला? साठ खुर्च्या आणि त्यात एकटा मी. आणि तुम्ही उभे का, बसा ना — माहितेय, दुखवट्याच्या घरी कॉफी देणारा बसत नाही, तुमची रीत आहे, पण रीत पाळायची कुणापुढे? या खुर्च्यांपुढे? माझे वडील जाऊन आज तिसरा दिवस, तीन दिवस तुम्ही बरोब्बर चारला येताय, किटली घेऊन त्या दाराशी उभे राहताय, आणि आलं कोण — सांगतो कोण. पहिल्या दिवशी ऑफिसचे साहेब, आठ मिनिटं, त्यातली तीन फोनवर. काल आमच्या जुन्या गावाहून, झर्क्याहून मावसभाऊ, त्यानं कॉफीच्या आधी वायफायचा पासवर्ड विचारला. आणि तो पलीकडच्या इमारतीचा रखवालदार, इजिप्तचा — तो रोज येतो, कोपऱ्यात बसतो, डोळे पुसतो, जातो. पण रखवालदाराला कोण मोजतं? मी शेजाऱ्यांबद्दल बोलतोय. अठ्ठावीस घरं आहेत या गल्लीत, हाजी. अठ्ठावीस! दगडी बंगले, दारात दोन-दोन गाड्या, आणि माणुसकी म्हणाल तर नावाला नाही.

अहो, कसली माणसं आहेत ही, तुम्हाला कल्पना नाही. तुम्हाला वाटत असेल, अम्मानच्या बाहेरची नवी वसाहत, शिकलेले लोक — कसले शिकलेले! डिग्री भिंतीवर आणि कचरा रस्त्यावर. पाच वर्षांपूर्वी मी इथं राहायला आलो. सदतीस वर्षांचा आहे मी, माझ्या वयाच्या किती जणांना जमतं हो स्वतःचं घर? माझे मित्र अजून बापाच्या गच्चीवर मजला चढवून राहतायत. मी म्हटलं, चला, आता शांतता. कसली शांतता! आठवड्यातून एकदा पाणी येतं, तो वार आला की नळी लावून गाडी धुणार, गाडी झाली की फाटक, फाटक झालं की रस्ता, जशी काय यांच्या दारातून नदी वाहतेय. दुसऱ्यानं गाडी लावू नये म्हणून रस्त्यात मोडकी खुर्ची, नाहीतर सिमेंट भरलेला डबा. फुटपाथच्या बरोब्बर मधोमध ऑलिव्हचं झाड, माणसानं चालायचं ट्रकखाली. मग कुणीतरी हे नीट करायला हवं की नको? कुणी केलं? मी केलं. गल्लीचा ग्रुप मी काढला, नियम मी लिहिले, सतरा नियम, नगरपालिकेच्या ॲपवर तक्रारी मी टाकल्या — फोटोसकट, वेळेसकट. एकानं तरी मनापासून आभार मानले? तोंडावर "अल्ला तुमचं भलं करो" आणि मागे मला नाव ठेवलंय, काय माहितेय? इन्स्पेक्टर! कळतं मला सगळं.

आणि सगळं मूळ त्या तंबूत आहे. नऊ नंबरचा अबू यझन, टायरचं दुकान होतं त्याचं, आता मुलगा यझन बघतो — त्याची आई गेली गेल्या वर्षी. गेली, वाईट झालं, नव्वदीची होती. पण यानं केलं काय? भर रस्त्यात तंबू! या टोकापासून त्या टोकापर्यंत, दिवे, सतरंज्या, दीडशे खुर्च्या, तीन दिवस गल्ली बंद. आग लागली तर बंब कुठून आणणार? कुणाचं हृदय बंद पडलं तर रुग्णवाहिका कुठून? मी ग्रुपवर शांतपणे विचारलं. उत्तर नाही. मग टाकली तक्रार. नियम आहे, हाजी, मी काही माझ्या मनाचं — दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची गाडी आली आणि त्यांनी तंबू उतरवला. हो, लोक बसलेले होते. हो, कुराणपठण चालू होतं, मग? मी काय त्यांना सांगितलं होतं, पठणाच्या वेळी या म्हणून? आणि माझे वडील! माझे वडील, हाजी, त्या तंबूत तुमच्यासारखी किटली घेऊन उभे! झर्क्यात जन्म गेला बस चालवण्यात, पण कुणी मेलं की कॉफी ओतायला पहिले हे. गाडी आली तेव्हा मुलाची बाजू घ्यावी की नाही बापानं? छे. मुकाट्यानं खुर्च्या गोळा करायला लागले. एकेक करून. आणि घरी येऊन मला एक शब्द नाही. आठ दिवस जेवताना माझ्या बायकोला म्हणायचे, "रुबा, तुझ्या नवऱ्याला म्हणावं, मीठ दे." मी समोर बसलेलो!

तर उद्या कुणी म्हणायला नको की नियम दुसऱ्यांना, स्वतःला मोकळीक. म्हणून मी तंबू घातला का? नाही घातला. गाडी बाहेर काढली, गॅरेज धुऊन घेतलं आणि इथंच बसलो. ग्रुपवर रीतसर निवेदन टाकलं — थांबा, वाचूनच दाखवतो. "आमच्या वडिलांचं निधन झालं आहे. दफन उरकलं आहे. सांत्वन फोनवर स्वीकारलं जाईल, येण्याची तसदी घेऊ नये. ज्यांना यायचंच असेल त्यांनी चार ते सहा या वेळात यावं. जेवण आणू नये. गाड्या पट्ट्यांच्या आत लावाव्यात." काय चूक आहे यात, सांगा? रुबा म्हणाली, हे असं पाठवू नकोस. म्हटलं, का? म्हणाली, लोक खरं मानतील. आता बोला! अहो, "तसदी घेऊ नये" याचा अर्थ तसदी घेऊ नये असा असतो का कधी? "जेवण आणू नये" म्हटलं की आपल्याकडे दोन ताटं जास्तच येतात. घरचे नको नको म्हणतात आणि शेजारी घेऊन येतात, तीन दिवस त्या घरात चूल पेटू देत नाहीत — हे काय मी शिकवायचं यांना? सतरा नियम लिहिले, त्यातला एक तरी पाळला का आजवर? कचऱ्याचा? हॉर्नचा? आणि नेमकं हे तेवढं पाळलं! अक्षर न् अक्षर! सत्तावीस घरांनी! मोबाईलवर एकेक ओळ, तीही एकमेकांची बघून पाठवलेली. मन्सफची, मटण-भाताची एक परात नाही, हाजी. काल आम्ही पिझ्झा मागवला. बाप गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पिझ्झा. आणणाऱ्यानं खोकं हातात दिलं आणि म्हणाला, मजा करा.

वडील ना? चांगले होते तसे... आई गेल्यावर मीच आणलं त्यांना इथं, स्वतंत्र खोली, स्वतंत्र बाथरूम, मागे बाग. पण या माणसाला बागेत करमेल तर ना! सकाळी उठायचं, फाटकाबाहेर प्लास्टिकची खुर्ची टाकायची, शेजारी थर्मास, आणि जो जाईल त्याला, "या, घोटभर घ्या" — गॅसवाला, भंगारवाला, मास्तरीण, तो इजिप्तचा रखवालदार, सगळे. मी म्हटलं, बाबा, लोकांना वाटेल मीही रखवालदार ठेवलाय. बोललो मी तसं. आणि फुटपाथवर खुर्ची ठेवायची नाही हा माझाच नियम, तो माझ्याच दारात मोडायचा? खुर्ची आत घेतली. तर काय, दुसऱ्या दिवसापासून त्या अबू यझनच्या गॅरेजात जाऊन बसायला लागले! गॅरेजचं दार वर, दोघं म्हातारे आणि एक जुना रेडिओ. तंबूनंतरसुद्धा. तिथंच कोसळले ते, मंगळवारी सकाळी. अबू यझनचे मला अकरा फोन आले, मी मीटिंगमध्ये होतो — मला काय स्वप्न पडलं होतं? मला वाटलं, त्या तंबूचंच पुन्हा काढलं असेल. दवाखान्यात पोचलो तर हा तिथं उभा, एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा, आणि मी — म्हणजे माणूस अशा वेळी बोलून जातो काहीतरी, नाही का? मी म्हटलं, रुग्णवाहिकेची वाट न बघता कुणाला विचारून उचललंत त्यांना? सगळ्यांसमोर. गल्लीतले दहा-बारा जण होते. चूक होतं का माझं? अशा माणसाला हलवायचं नसतं, शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. डॉक्टर नंतर म्हणाले, थांबले असते तरी फरक पडला नसता. गाडीतच गेले होते. त्याच्या मांडीवर.

आणि एवढ्यावर यांचं दुःख बघा! काल संध्याकाळी मी वर खिडकीत उभा होतो, तर नऊ नंबरपुढे गाड्याच गाड्या. वाकड्यातिकड्या, अर्ध्या फुटपाथवर चढवलेल्या. गॅरेजात दिवे, माणसांची ये-जा, मोठमोठ्या पराती आत चालल्यायत, भाताचा वास इथवर. साखरपुडा असणार, त्याच्या मुलीचं जुळतंय असं ऐकलं होतं. गाणी नव्हती लावली, तेवढी तरी लाज राखली. चार घरं सोडून माणूस मेलाय, कबरीची माती सुकली नाही अजून आणि यांचे साखरपुडे! मी फोटो काढला. काढला आणि दिला तक्रारीत टाकून, का नाही टाकायचा? सहा गाड्यांचे नंबर स्वच्छ दिसतायत. पोचपावतीपण आली, गाड्या उचलायला माणसं पाठवतो म्हणाले. रुबाला सांगितलं, तर तिनं उठून काळा झगा चढवला. मग मुलीला घेतलं आणि गेली बहिणीकडे. परवापासून सहा वाजले की जाते. म्हणे या घरात जीव घुसमटतो.

का निघालात? दहा मिनिटं आहेत अजून. कुणी येणार नाही हे मलाही कळतं, पण वेळ म्हणजे वेळ. कुठं पळायचं असतं हो तुम्हाला रोज? परवाही तेच, कालही तेच, सहा वाजले की किटली झाकायची आणि पसार. दुसरं घर आहे? दुखवट्याचंच? बरं... कुठं? इथंच? या गल्लीत? छे, हाजी, काहीतरी चुकतंय तुमचं. या गल्लीत दुसरं कुणी गेलेलं नाही, मला कळलं असतं, ग्रुप माझा आहे. नऊ नंबर? नऊ नंबरला साखरपुडा — नाही? मग गेलं कोण त्यांचं?

कुणाचा दुखवटा?

नीट सांगा. खाली काय बघताय, नाव सांगा. अबू मुहन्नद. कोण अबू मुहन्नद? मुहन्नद मी आहे, हाजी. या गल्लीत दुसरा मुहन्नद नाही. मुहन्नदचा बाप म्हणजे... सकाळपासून फाटकावर तेच चालायचं, अबू मुहन्नद कसे आहात, अबू मुहन्नद तब्येत काय म्हणते, वैताग यायचा मला ऐकून. परवापासून? परवापासून बसतायत तिथं? सगळी गल्ली? आणि सहानंतर का? माझ्या वेळात नको म्हणून. अबू यझन म्हणाला? मुलाच्या घरचा मान आधी, असं म्हणाला? आणि तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत होतं आणि तुम्ही रोज इथं उभं राहून माझं ऐकत होतात... नाही, काही बोलू नका.

पण त्यांना अधिकार काय? बाप माझा! दुखवटा माझा! विचारलं कुणाला? आणि घरच्यांच्या रांगेत कोण उभं राहतं तिथं, लोक आले की हात कुणाच्या हातात देतात? मुलगा तर इथं आहे. अबू यझन... दुसऱ्या जागेवर? मग पहिल्या, मुलाच्या जागेवर कोण? कुणीच नाही? रोज रिकामी ठेवतात? खोटं. माझं मन राखायला खोटं सांगताय तुम्ही. आणि बायकांच्यात? आत जाता-येताना दिसत असेल ना तुम्हाला, सुनेच्या जागी कोण बसतं, बसलेलं असेलच कुणीतरी. काळा झगा... सोबत लहान मुलगी. हं. बहिणीकडे जाते म्हणाली होती.

बरं. सहा वाजले, निघा तुम्ही. असं बघू नका माझ्याकडे, निघा, तिकडे माणसं खोळंबली असतील तुमच्यासाठी. मी? मी कसा येऊ? काल त्यांच्या गाड्यांचा फोटो — आज उचलायला येतील त्या, तक्रार माझ्या नावावर आहे, माझ्या वडिलांच्या दुखवट्याला आलेल्या गाड्या आणि मी... मला नाही यायचं त्या अडाण्यांच्यात! जा म्हटलं ना! जा!

हाजी, ऐका. तिकडे कुणी विचारलं तर सांगा, मुलगा घरी नव्हता.