रोजचा धुतलेला शर्ट

दातांच्या दवाखान्यात हेडमास्तर आपला नंबर यायची वाट बघत होते. समोरच्या बाकावर दोघी जावांच्या गप्पांना ऊत आला होता.

"जाऊबाई, यांना रोज धुतलेलाच शर्ट लागतो. धुऊन धुऊन हात मोडले माझे."

"तुझ्या भाऊजींनाही लागतो की!"

हेडमास्तरांनी पसंतीने मान हलवली आणि स्वतःची कॉलर ताठ केली.

"मग तुम्ही कसं निभावता?"

"धुतंय कोण? संध्याकाळी गॅलरीत हवेला टांगायचा, इस्त्री फिरवायची, घडी घालून कपाटात. झाला धुतलेला!"

"अगंबाई! आणि त्यांना कळत नाही?"

"कळतं ना. अंगात घालतात, छाती फुगवतात आणि म्हणतात, धुतलेल्या कपड्याची मजाच काही और!"

"अहो, हसवू नका, दाढ ठणकतेय माझी!"

"पुढचं तर ऐक. परवा मला दया आली आणि खरंच धुतला. तर नाक मुरडून म्हणाले, आज कसलासा वास येतोय, नीट धुतला नाहीस वाटतं!"

"आई गं! मेले मी!"

"डाग पडला तर मात्र लगेच धुते हो. तेवढी लाज आहे मला."

हेडमास्तरांनी हळूच मान वळवून आपला खांदा हुंगला. मग ते उठून दाराबाहेर गेले आणि घरी फोन लावला.

"अगं, माझा आजचा शर्ट धुतलेला आहे ना?"

पलीकडून मग बायकोचा अगदी मधाळ आवाज आला,

"का हो? डाग पडला का?"